वजन कमी करण्याचे औषध बंद केल्यावर वजन परत का वाढते? ते कसे सांभाळावे?

काही महिन्यांपूर्वी सेहेचाळीस वर्षांच्या एक ताई डोके दुखते म्हणून माझ्या दवाखान्यात आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) रक्तदाब मोजला तर 168/100. वजन 87 किलो. जुना कागद काढून पाहिला. आधीच्या वर्षी वजन कमी करण्याच्या इंजेक्शनने त्यांचे वजन 92 वरून 78 किलोवर आले होते. वजन उतरले तसा रक्तदाबही उतरला, म्हणून त्यांची बीपीची गोळी मीच बंद केली होती.

"इंजेक्शन कधी थांबवलं?" मी विचारले.

"सात महिने झाले. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. खर्च झेपेना."

"मग आला का नाहीत?"

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, वजन पुन्हा वाढायला लागलं. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली."

उतरलेल्या 14 किलोंपैकी 9 किलो परत आले होते. पण खरा धोका वेगळाच होता. सात महिने वाढत्या रक्तदाबावर कोणाचे लक्ष नव्हते. यात चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. इंजेक्शन तज्ज्ञ डॉक्टरांनी सुरू केले होते, गोळी मी थांबवली होती, पण "हे औषध बंद केल्यावर काय होईल?" हे आमच्यापैकी कोणीच त्यांना नीट सांगितले नव्हते.

मार्च 2025 मध्ये मौन्जारो आणि जून 2025 मध्ये वेगोव्ही भारतात आल्यापासून ही औषधे घेणारे रुग्ण वाढले आहेत. खर्च, मळमळ, गरोदरपणाचे नियोजन किंवा "आता वजन उतरले, पुरे झाले" अशा अनेक कारणांनी ती बंदही केली जातात. बंद केल्यावर वजन का वाढते आणि ते सांभाळण्यासाठी काय करावे, हे या लेखात पाहू.

ही औषधे नेमके काय करतात?

आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक (हार्मोन) रक्तात येते. "पोट भरले, आता थांब" असा निरोप ते मेंदूला देते. हे नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लुटाइड (वेगोव्ही, ओझेम्पिक, रायबेल्सस) हे औषध त्याच्यासारखेच काम करते, पण त्याचा परिणाम कितीतरी जास्त काळ टिकतो. टिर्झेपटाइड (मौन्जारो) जीएलपी-1 सोबत जीआयपी नावाच्या आणखी एका संप्रेरकासारखे काम करते.

या औषधांमुळे भूक कमी लागते, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते आणि अन्न जठरातून हळू पुढे सरकते. अनेक रुग्ण सांगतात, "दिवसभर खाण्याचे जे विचार डोक्यात घोळायचे, ते थांबले."

मात्र औषध शरीरात असते तोपर्यंतच हा परिणाम टिकतो. बीपीची गोळी बंद केली की रक्तदाब पुन्हा वाढतो, तसेच इथेही होते. औषध लठ्ठपणावर ताबा ठेवते, तो मुळापासून काढून टाकत नाही.

औषध बंद केल्यावर वजन का वाढते?

आपले शरीर कमी झालेल्या वजनाकडे संकट म्हणून पाहते. हजारो वर्षे माणसाला धोका होता तो उपासमारीचा. त्यामुळे चरबी कमी झाली की ती परत मिळवण्याची यंत्रणा सुरू होते.

- भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते.
- चरबीच्या पेशींतून येणारे आणि भूक आवरणारे लेप्टिन कमी होते.
- हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते. शिवाय शरीर काटकसरीने ऊर्जा वापरू लागते.
- वजनासोबत थोडे स्नायूही कमी झालेले असतात. त्यामुळे बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा आणखी घटते.

ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात (2011) आहार कमी करून वजन उतरवलेल्या लोकांची संप्रेरके तपासली गेली. वजन उतरून वर्ष झाले तरी भुकेची संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती. या लोकांनी कोणतेही इंजेक्शन घेतले नव्हते. म्हणजेच भूक वाढणे हा औषधाने केलेला बिघाड नाही. वजन उतरले की शरीर असेच वागते. औषध चालू असताना ही भूक दाबलेली असते, औषध थांबले की ती पुन्हा जाणवते.

म्हणून "माझ्यात मनोबलच नाही" असे स्वतःला बोल लावू नका. घरच्यांनीही तसे म्हणू नये.

अभ्यासांतून काय दिसले?

सेमाग्लुटाइडच्या स्टेप-1 या अभ्यासातील काही जणांवर औषध बंद केल्यानंतरही लक्ष ठेवले गेले. त्यांचे वजन 68 आठवड्यांत सरासरी 17.3 टक्के कमी झाले होते. औषध आणि आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. 100 किलोचे उदाहरण घेतले तर 100 वरून सुमारे 83 आणि तिथून पुन्हा सुमारे 94 किलो. रक्तदाबासारख्या ज्या गोष्टी सुधारल्या होत्या, त्यांतील बऱ्याच पुन्हा पहिल्या पातळीकडे गेल्या.

टिर्झेपटाइडच्या सरमाउंट-4 अभ्यासात 36 आठवड्यांत वजन सरासरी 20.9 टक्के उतरले. त्यानंतर ज्यांचे औषध बंद केले, त्यांचे वजन पुढच्या 52 आठवड्यांत सरासरी 14 टक्क्यांनी वाढले. ज्यांचे चालू ठेवले, त्यांचे आणखी 5.5 टक्के कमी झाले.

या आकड्यांमधून दोन गोष्टी कळतात. औषध बंद केल्यावर थोडेफार वजन वाढणे अपेक्षितच आहे. पण हे आकडे सरासरी आहेत. काहींचे वजन जास्त वाढले, काहींचे बरेचसे टिकले. शिवाय वर्षभरानंतरही बहुतेकांचे वजन सुरुवातीपेक्षा कमीच होते.

डेन्मार्कमधील एक अभ्यास आशा वाढवणारा आहे. त्यात लिराग्लुटाइड हे याच गटातील जुने औषध वापरले होते. सर्व उपचार थांबवून वर्ष झाल्यावर पाहिले, तेव्हा ज्यांनी औषधासोबत देखरेखीखाली नियमित व्यायाम केला होता, त्यांचे वजन नुसते औषध घेणाऱ्यांपेक्षा चांगले टिकले होते.

औषध बंद केल्यावर केव्हा काय होते?

पहिले एक-दोन आठवडे: फारसा फरक जाणवत नाही, कारण औषध अजून शरीरात असते. सेमाग्लुटाइड पूर्णपणे बाहेर पडायला पाच ते सात आठवडे लागतात, टिर्झेपटाइडला साधारण महिना. या काळात अनेकांना वाटते, "बघा, औषधाशिवायही जमतंय की!" इथेच माणूस गाफील राहतो.

तिसरा ते सहावा आठवडा: भूक परत येते. जेवणानंतर तासा-दोन तासांत काहीतरी खावेसे वाटते. गोड, तळलेले समोर आले की नाही म्हणणे अवघड जाते.

दुसरा ते सहावा महिना: याच काळात वजन भराभर वाढू शकते. म्हणून या महिन्यांत सर्वांत जास्त लक्ष द्या.

औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना काय विचारावे?

औषध मनाने बंद करू नका. खर्च झेपत नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात संकोच कसला? पर्याय काढता येतात. या गोष्टींवर जरूर बोला:

- मला मधुमेह आहे. हे इंजेक्शन बंद केल्यावर शुगरसाठी दुसरे कोणते औषध लागेल? (मधुमेह असणाऱ्यांनी हे औषध सल्ल्याशिवाय कधीही थांबवू नये.)
- वजन उतरल्यावर बीपी, शुगर किंवा इतर कोणत्या गोळ्या कमी केल्या होत्या? त्या पुन्हा सुरू कराव्या लागतील का?
- एकदम थांबवावे की डोस हळूहळू कमी करावा? एकदम थांबवल्याने व्यसन सुटताना होतो तसा त्रास होत नाही. डोस हळूहळू उतरवला तर वाढत्या भुकेशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. पण त्यामुळे वजन वाढणारच नाही, असे मात्र नाही.
- कमी डोसवर चालू ठेवणे माझ्यासाठी योग्य आहे का?
- बाळाचा विचार असेल तर औषध किती आधी थांबवावे? (सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.)
- पुढची तपासणी कधी? तारीख लिहूनच घ्या.

शक्य असेल तर बंद करण्याची वेळही विचारपूर्वक निवडा. ऐन दिवाळीत, घरातल्या लग्नाच्या गडबडीत किंवा नोकरी बदलताना बंद करण्यापेक्षा दिनचर्या स्थिर असताना बंद करणे सोपे जाते. आणि औषध चालू असतानाच आहार-व्यायामाची सवय लावा. भूक कमी असते तेव्हा नवी सवय लावणे तुलनेने सोपे असते.

आहार: भूक लागणार आहे, हे धरूनच चला

औषध चालू असताना दोन घासांत पोट भरायचे. आता तसे होणार नाही. म्हणून कमी कॅलरीत जास्त वेळ पोट भरलेले राहील असे अन्न निवडा.

1. प्रत्येक जेवणात प्रथिने हवीत. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि स्नायू टिकतात. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि वरण पातळ, असे बहुतेक वेळा असते. ते थोडे उलटे करा. वजन सांभाळताना बहुतेक प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1 ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिने चालतात. म्हणजे 70 किलोच्या व्यक्तीला 70 ते 80 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नका.

अंदाज येण्यासाठी:
- एक अंडे: सुमारे 6 ग्रॅम
- एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ: 6 ते 8 ग्रॅम
- मूठभर (30 ग्रॅम) फुटाणे: सुमारे 6 ग्रॅम
- 100 ग्रॅम पनीर: सुमारे 18 ग्रॅम
- 30 ग्रॅम कोरडे सोयाबीन वड्या: सुमारे 15 ग्रॅम
- 100 ग्रॅम मासे किंवा चिकन: 20 ग्रॅम किंवा अधिक

2. अर्धे ताट भाज्यांचे ठेवा. कोशिंबीर आणि भाजी आधी वाढून घ्या, मग पोळी, भाकरी किंवा भात. भाजीत तेलाचा तवंग नको. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण भाकरी आहे म्हणून तीन खाल्ल्या तर वजन वाढणारच.

3. प्यायच्या कॅलरी ओळखा. दिवसातून चार-पाच साखरेचे चहा, सोबत दोन-दोन बिस्किटे, संध्याकाळी उसाचा रस किंवा कोल्ड्रिंक. यातून पोट भरत नाही, वजन मात्र वाढते. ताक (मीठ बेताचे), पाणी, बिनसाखरेचा चहा हे चांगले पर्याय आहेत.

4. नाश्ता टाळू नका, पण तो बदला. नुसत्या पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे, मोड आलेल्या मटकीची उसळ, अंड्याची पोळी किंवा पोह्यांत भरपूर मटार आणि सोबत वाटीभर दही असे काही घ्या.

5. उपवासाच्या दिवशी सावध राहा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात तूप, बटाटा आणि दाण्याचा कूट पडला की एका बशीत एका जेवणाइतक्या कॅलरी होतात. उपवास करायचाच असेल तर वरी किंवा राजगिरा बेताने घ्या, सोबत दही, ताक, फळे ठेवा.

6. "वर्ज्य" अशी यादी करू नका. गणपतीत उकडीचा मोदक खा, दिवाळीत चकली खा. पण डबा पुढ्यात घेऊन खाऊ नका. बशीत काढून घ्या, डबा बंद करून वर ठेवा आणि बसून खा.

कडक डाएट, नुसत्या ज्यूसवर राहणे, जेवण सोडून देणे हे उपाय या काळात उलटतात. भूक आधीच वाढलेली असते. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस रात्री दुप्पट जेवतो.

व्यायाम: चालणे हवेच, पण ताकदीचा व्यायामही हवा

वजन उतरताना फक्त चरबीच जात नाही. उतरलेल्या वजनाचा पाव भाग, कधी त्याहूनही जास्त भाग चरबीविरहित वस्तुमानाचा असतो आणि त्यात स्नायूही येतात. औषध बंद केल्यावर वजन परत येते ते मुख्यतः चरबीच्या रूपात. म्हणून स्नायू राखणे फार महत्त्वाचे आहे, विशेषतः चाळिशीनंतर.

- आठवड्यातून किमान 150 मिनिटे भरभर चालणे किंवा सायकल चालवणे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग असावा. वजन टिकवण्यासाठी हळूहळू 200 ते 300 मिनिटांपर्यंत वाढवता आले तर उत्तम.
- आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. त्यासाठी जिमच हवी असे नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून पुश-अप, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, जिना चढणे. प्रत्येक प्रकार 10 ते 12 वेळा, असे दोन-तीन फेरे.
- जेवणानंतर 10 ते 15 मिनिटे शतपावली.

गुडघेदुखी, हृदयविकार किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

झोप आणि ताण यांच्याकडे दुर्लक्ष नको

झोप कमी झाली की भूक वाढते आणि गोड-तेलकट खावेसे वाटते. सात तास झोप मिळेल अशी व्यवस्था करा. वजन वाढल्यावर घोरणे पुन्हा सुरू झाले, सकाळी डोके जड वाटते, दिवसा डुलक्या येतात, असे असेल तर डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास (स्लीप अॅप्निया) असू शकतो.

मन उदास राहणे, चोरून खाणे, एकदा खायला लागलो की थांबताच न येणे हीसुद्धा उपचार करण्याजोगी लक्षणे आहेत. ती लपवू नका.

"दोन किलोचा नियम"

औषध बंद करताना जे वजन असेल ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा. त्यापुढे दोन किलो मिळवून दुसरा आकडा लिहा. 78 असेल तर 80.

- आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, हलक्या कपड्यांत वजन करा. रोजच्या चढ-उताराने घाबरू नका.
- महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. भारतीयांमध्ये पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची 80 सेंटीमीटरच्या आत असावी.
- सलग दोन आठवडे वजन दुसऱ्या आकड्याच्या वर राहिले तर चार दिवस खाल्लेले सगळे लिहून काढा, चालणे वाढवा आणि डॉक्टरांना फोन करा.

दोन किलो आवरणे सोपे असते, दहा किलो आवरणे अवघड. बहुतेक रुग्ण दहा किलो वाढल्यावरच येतात, कारण मधल्या काळात त्यांनी काट्यावर पाय ठेवायचेच बंद केलेले असते.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

- रक्तदाब: पहिले तीन महिने दर दोन-तीन आठवड्यांनी. आधी बीपीचा त्रास असेल तर हे अत्यावश्यक.
- मधुमेह असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. एचबीए1सी तीन महिन्यांनी.
- कोलेस्टेरॉल, गरजेप्रमाणे यकृताच्या तपासण्या: डॉक्टरांच्या सल्ल्याने.
- वजन अपेक्षेपेक्षा वेगाने वाढत असेल तर थायरॉइड तपासावे. स्टेरॉइड आणि काही मानसिक आजारांवरच्या औषधांनीही वजन वाढते, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवा. ती मनाने बंद करू नका.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

- छातीत दुखणे, दम लागणे, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा दिसायला अंधूक होणे
- खूप तहान लागणे, वारंवार लघवी होणे, फार थकवा (शुगर वाढल्याची लक्षणे)
- दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढणे आणि पायांवर सूज येणे. ही चरबी नसून अंगात साठलेले पाणी असू शकते
- बरगडीखाली उजव्या बाजूला किंवा पोटाच्या वरच्या भागात तीव्र दुखणे आणि उलट्या. भराभर वजन उतरलेल्यांना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता असते

वजन वाढलेच, तर?

पहिले काम म्हणजे डॉक्टरांकडे येणे. दुसरे, वाढ थांबवणे. "महिन्यात पुन्हा पूर्वीइतके वजन हवे" असे ध्येय ठेवू नका. आधी आहे त्या वजनावर दोन-तीन महिने स्थिर राहा. तेही मोठे यश आहे. सुरुवातीच्या वजनापेक्षा 5 टक्के जरी कमी राखले, तरी रक्तदाब, शुगर आणि सांध्यांना फायदा होतो.

काही जणांना औषध पुन्हा सुरू करावे लागते किंवा दीर्घकाळ घ्यावे लागते. लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही स्पष्ट सांगते. पुन्हा औषध घ्यावे लागणे म्हणजे हरणे नव्हे. मात्र काही आठवड्यांचा खंड पडला असेल तर जुना मोठा डोस स्वतःहून घेऊ नका. तीव्र मळमळ-उलट्या होऊ शकतात. बहुतेक वेळा पुन्हा कमी डोसपासून चढत जावे लागते. दुसऱ्याचे उरलेले पेन वापरणे किंवा ओळखीच्या माणसाकडून बिलाशिवाय इंजेक्शन घेणे धोक्याचे आहे.

घरच्यांनी काय करावे?

- "पुन्हा सुटलीस की!", "एवढे पैसे वाया गेले" असे टोमणे मारू नका. लाज वाटली की माणूस लपवतो, आणि लपवले की तपासणी चुकते.
- एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. कमी तेलाची भाजी, घट्ट वरण, कोशिंबीर घरातल्या सगळ्यांनाच चांगली.
- फरसाण, बिस्किटांचे मोठे पुडे घरात आणू नका.
- आग्रह करून वाढू नका. "माझ्या हातचं एक तरी घ्या" यात प्रेम असते हे खरे, पण ते शतपावलीला सोबत जाऊनही दाखवता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

औषध बंद केले तर वजन आधीपेक्षाही जास्त होईल का?
अभ्यासांत सरासरी वजन वर्षभरानंतरही सुरुवातीपेक्षा कमीच होते. पण काहीच काळजी घेतली नाही तर वाढ पुढेही चालू राहू शकते.

आयुर्वेदिक किंवा "नैसर्गिक" पावडर घेऊन वजन टिकेल का?
या इंजेक्शनांची जागा घेईल अशी कोणतीही पावडर नाही. वजन उतरवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत न सांगितलेली औषधे सापडल्याचे प्रकार घडले आहेत. काहीही घेण्याआधी डॉक्टरांना डबी दाखवा.

एक आठवडा घ्यायचे, एक आठवडा नाही, असे करून खर्च वाचवला तर चालेल का?
स्वतःच्या मनाने नाही. डोस किंवा दोन डोसमधले अंतर बदलायचे असेल तर ते डॉक्टरांसोबत ठरवा.

किती दिवस एवढे लक्ष द्यावे लागेल?
पहिले सहा महिने बारकाईने, त्यानंतरही आठवड्याला एकदा वजन आणि नियमित व्यायाम कायम ठेवा.

शेवटी

सुरुवातीला सांगितलेल्या त्या ताईंची बीपीची गोळी आम्ही त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. इंजेक्शन परवडणार नव्हते, म्हणून ते सोडूनच बेत आखला. सकाळी दोन अंडी, बँकेत डब्यासोबत उसळ, चहा बिनसाखरेचा, आठवड्यातून पाच दिवस चालणे आणि दोन दिवस खुर्चीचे व्यायाम. पहिले दोन महिने वजन 87 वरच राहिले. त्या निराश झाल्या होत्या. "वाढत नाही ना, मग आपण जिंकतोय," असे मी सांगत राहिलो. आज त्यांचे वजन 83 आहे, रक्तदाब 128/82. 78 नाही, पण 92 पासून त्या बऱ्याच लांब आल्या आहेत. आता दर महिन्याला येतात, वजन वाढले असले तरी.

तुम्हीही औषध बंद केले असेल किंवा करणार असाल, तर या आठवड्यात एवढेच करा. वजन करा, रक्तदाब मोजून घ्या आणि डॉक्टरांची वेळ घ्या. काट्यावरचा आकडा काहीही असो, दवाखान्यात यायला लाजू नका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा डोस बदलणे हे तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)